ओकिनूला पांढरं कुणी नेसवलं?

शिगेनो : थांबा मावशी, उजवी बाजू वर घेऊ नका. मी हा पांढरा किमोनो घालणारच नाही.

तामिए : अगं पोरी, भुताचं सोंग आहे हे! जिवंत माणसाची डावी बाजू वर, मेलेल्याची उजवी. चाळीस वर्षं सिनेमातल्या भुतांना मीच नटवतेय.

कुरोसे : काय चाललंय? तळ्यावर कॅमेरा लागलाय, उन्हं उतरायला आलीत आणि आमची भूतबाई अजून आरशासमोर!

शिगेनो : दिग्दर्शकसाहेब, एक सांगा. मी जिचं भूत करतेय त्या ओकिनूला हे पांढरं कुणी नेसवलं?

कुरोसे : कुणी म्हणजे? मेल्यावर घरचे नेसवतात. प्रेताला आंघोळ घालून.

शिगेनो : प्रेत सापडलं तर ना! नवऱ्याने आणि सासूने दगड बांधून तिला तळ्यात लोटलं आणि ‘सून पळून गेली’ म्हणून गावभर बोंब ठोकली. कसली आंघोळ नि कसलं पांढरं!

कुरोसे : पण गावात कबर आहे की तिची.

तामिए : नुसता दगड आहे, साहेब. खाली काही नाही. देवळातल्या भिक्षूंनीच काल सांगितलं.

शिगेनो : भुताचा सिनेमा काढायचा तर आधी त्या बाईला उदबत्ती लावून परवानगी मागायची, ही आपल्या धंद्याची रीत. काल सगळे त्या दगडापाशी गेले, अगदी दिवेवालेसुद्धा. तुम्ही तेवढे आला नाहीत.

कुरोसे : असल्या भाबडेपणाला वेळ नव्हता मला. बाई, पोस्टर छापून झालंय. पांढरा किमोनो, मोकळे केस. वीस वर्षांत पहिल्यांदा तुमचं नाव मोठ्या अक्षरात आलंय.

शिगेनो : माहितेय. वीस वर्षं नुसती प्रेतं केली. हे काम गेलं तर पुन्हा प्रेतंच करायची, तेही माहितेय. भीती वाटते हो मला. पण नाही घालणार.

कुरोसे : मग उद्या दुसरी बाई उभी करतो.

तामिए : करा. तिला नटवायला माणूसही दुसरं बघा.

कुरोसे : मावशी, तुम्हीसुद्धा?

तामिए : काल त्या दगडापुढे हात जोडलेत मी. आता खोटं कसं नेसवू?

(कुरोसे स्टुलावर बसतो. बाहेरून कुणीतरी त्याला हाक मारतं. तो हातानेच थांबायला सांगतो.)

कुरोसे : बरं, मग घालणार तरी काय?

शिगेनो : मेली त्या दिवशी अंगावर होतं तेच. निळीच्या कारखान्यातली सून ती. सुती कपडे, कमरेला फडकं, कोपरापर्यंत निळे हात. केस बांधलेले. डावी बाजू वर.

कुरोसे : अहो, भूत कुठलं, शेजारीण आली म्हणतील लोक! घाबरणार कोण?

शिगेनो : ज्यांनी लोटलं ते घाबरतील. त्यांची सून स्वयंपाकघराच्या दाराने सरळ आत येतेय, रोजच्यासारखी. पांढरं नेसवून वाटेला लावली असती तर आली असती का ती?

कुरोसे : ...आणि आत येऊन काय करते? किंचाळते?

शिगेनो : कशाला किंचाळेल? चपला काढते, नीट जोडून ठेवते आणि म्हणते, “मी आले.”

तामिए : अगं बाई! मग आतल्यांना म्हणायला हवं, “आलीस का? ये.”

शिगेनो : हवंच की. घरी परतलेल्या माणसाला रोज म्हणतात ना? ते म्हणेपर्यंत ती दारातून हलणार नाही.