बालसंगोपनाच्या जागी कुक्कुटपालन

आवड? वाचायची आवड आहे म्हणून ग्रंथपाल व्हायचंय? — अगं बाई, पोहायला आवडतं म्हणून कुणी पाणीपुरवठ्यात नोकरी धरतं का? एकवीस वर्षं झाली मला या खुर्चीत. जरा पुस्तक उघडलं की आलंच कुणीतरी — "मॅडम, ते निळं पुस्तक द्या." नाव? माहीत नाही. लेखक? आठवत नाही. निळं! आणि आमच्या जाऊबाई चारचौघांत सांगतात, तुझं बरंय, नुसतं बसायचं. या म्हणावं, बसा! फाटकी पुस्तकं शिवा, कसर झटका, नंबर डकवा, अन् थुंकी लावून पानं उलटणाऱ्यांशी हसून बोला. कोर्स? कर की, कोण अडवतंय. पण पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं की मेलं, एवढं लक्षात ठेव — हरवलेलं एकवेळ परत येतं, ते नाही येत.

थांब, मीच परीक्षा घेते तुझी. त्या कपाटाची वरची फळी, पहिल्या पुस्तकाचा नंबर वाच. मोठ्याने. — हं. पुढचा? — हं... बरोबर. म्हणजे असणारच बरोबर, मला पाठ आहेत सगळे. कुठलंही माग, न बघता काढून देते — देत होते. मागच्या आठवड्यात त्या रंगाऱ्यांनी कपाटं सरकवली, पुस्तकं वाट्टेल तशी कोंबली मेल्यांनी! नेमकी तेव्हाच एक बाई आली, कडेवर तान्हं. बालसंगोपन मागितलं, मी कुक्कुटपालन दिलं. हसतेस काय? दोन्ही जाड, दोन्हीला खाकी कव्हर! तिने घरी जाऊन उघडलं — "पिल्लांना पहिले काही दिवस दिव्याखाली ठेवावे." गेली तरातरा साहेबांकडे. साहेब तरी कोण, तर आयुष्यात एक पुस्तक नेलं, ते अजून परत केलेलं नाही! ते उद्या अकराला येणार. सगळी पुस्तकं तपासायची म्हणे — नंबर मी वाचायचे, ते वहीत खूण करणार. मीच का? त्यांना वास लागलाय, दुसरं काय.

निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत गं. डॉक्टर म्हणतात, मधोमध डाग आहे, चष्म्याने जायचा नाही, वाढतच जाणार. घरी बोलले नाही अजून. भीती वाटते. जाऊबाईंना तर मेले तरी कळू देणार नाही... तू असं कर, उद्या दहाला ये. शिकाऊ आहे म्हणून सांगू. नंबर तू वाच, मी शेजारी उभी राहून ओरडते तुझ्यावर, म्हणजे खरं वाटेल. काम शिकायचंय ना? मग! — येतेस? — हे बघ, उपकार बिपकार नकोत मला. यायचं तर ये, नाहीतर वाट धर, मला कामं आहेत. — अगं बोल ना! मान हलवतेस की काय? तोंडाने सांग बाई. मान हलवलेली दिसत नाही मला.