पांढऱ्या शाईचा पंप

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे शाईभाऊ, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी आणि छापखान्यातील सहकाऱ्यांनो,

मुद्रितशोधकाला भाषणाला उभे करणे धोक्याचे असते. आयुष्यभर इतरांच्या चुका काढलेला माणूस किती वेळ घेईल, याचा नेम नसतो. तरी आपण मला ही संधी दिलीत, याबद्दल मी ऋणी आहे.

पाहुण्यांसाठी थोडे सांगतो. पारदर्शक लेबलावर रंगांखाली पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. अन्यथा औषधाच्या काळपट बाटलीवर अक्षरे दिसतच नाहीत. ही शाई जड असते. तिच्यातील रंग सतत तळाशी बसू पाहतो. म्हणून छपाई थांबली तरी तिला नळ्यांतून फिरवणारा एक लहानसा पंप अखंड चालू ठेवावा लागतो. शिवाय भाऊ रोज सकाळी चहाच्या आधी शाईच्या बाटल्या हलवीत. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "घरची पोरं यांनी कधी इतकी झुलवली नाहीत." सुटीच्या दिवशीही भाऊ तासभर येऊन जात, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

गेल्या मार्चमध्ये वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. भाऊ प्रथमच दोन दिवस येणार नव्हते. जाताना ते माझ्या टेबलाशी थांबले. "गुरुजी, पंप चालू आहे. त्याला फक्त हात लावू नका."

शनिवारी दुपारी मी एकटाच प्रूफ वाचत होतो. पंपाची घरघर मला एकेका ओळीवर अडवीत होती. मी उठलो आणि बटण बंद केले. वाचून झाल्यावर सुरू करीन, असे ठरवले होते. वाचून झाले, आणि मी घरी गेलो. चष्म्याची डबी मात्र बटणाशेजारीच राहिली.

सोमवारी चाचणीच्या काळ्या कागदावर पांढऱ्या रेघा तुटक उमटल्या. भाऊंनी एकदा यंत्राच्या हेडची, म्हणजे शाई फवारणाऱ्या तोंडाची, स्वच्छता चालवली. रेघा आणखी तुटल्या. दुसऱ्याने तीच कळ दहा वेळा दाबली असती. भाऊ थांबले. त्यांनी हेडखालची टोपी पुसली, नळी उजेडासमोर धरून हवेचा बुडबुडा शोधला, मग गाळणी उघडली. आत ओल्या खडूसारखा साका होता. नळीत वर नुसते फिकट पाणी. तेव्हा ते पंपाकडे वळले, आणि त्यांना माझी डबी दिसली.

हेड वाचले नाही. औषधवाल्यांचे काम कायमचे गेले. मालकांनी सर्वांसमोर विचारले, तेव्हा भाऊ म्हणाले, "जाताना माझ्याकडूनच बंद झाला असेल, साहेब." मी दोन पावलांवर उभा होतो. संध्याकाळी त्यांनी डबी माझ्या टेबलावर ठेवली. "या वयात तुम्हाला दुसरीकडे कोण ठेवून घेईल, गुरुजी?" एवढेच ते बोलले. मी डबी खिशात घातली.

त्यानंतर भाऊंना यंत्रावरून काढून कागदाच्या गोदामात बसवण्यात आले. आज, मुदतीच्या तीन वर्षे आधी, आपण त्यांना निरोप देत आहोत.

गेल्या आठवड्यात त्यांचे मानपत्र माझ्याकडे तपासायला आले. त्यात लिहिले आहे: 'एका निष्काळजीपणाचा अपवाद वगळता निष्कलंक सेवा.' मी दोन अनुस्वार दुरुस्त केले, एक स्वल्पविराम काढला आणि त्या वाक्याखाली सही केली.

अध्यक्ष महोदय, ते मानपत्र आपल्या हातात आहे. माझी विनंती आहे की, आज ते भाऊंना देऊ नये. पुन्हा छापावे, त्या अपवादाशिवाय. आणि तो अपवाद माझ्या नावावर नोंदवावा.

वहिनी, हे तुम्हालाही आज प्रथमच कळत असेल, तर त्यावरून भाऊ काय माणूस आहेत ते समजावे. भाऊ, तुम्ही मला थांबवण्यासाठी मघापासून हात हलवता आहात. यावेळी मी ऐकणार नाही.

सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, आभारी आहे. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास सभेने ते पोटात घालावे. बटणाची गोष्ट मात्र घालू नये.