आईवरची फाइल

ताई : म्हणजे बाबांच्या लिखाणाच्या फाइली सगळ्या गेल्या?

भाऊ : नाही गं. चाळीस शाबूत आहेत. दिसायला कचरा दिसतोय, पण बाबांचं अक्षर न् अक्षर जागेवर आहे. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला नंबर असतो. तुझा जुना कॉम्प्युटर ते नंबर भलत्याच तक्त्यावरून वाचत होता. तक्ता बदलला, लिखाण परत आलं.

ताई : आणि ही, आईवरची? नुसती प्रश्नचिन्हं. हिचाही बदल ना.

भाऊ : ताई, दिवसभर ऑफिसात लोकांच्या याद्या अशाच निस्तरतो. घरी तरी डोकं खाऊ नकोस. इथे नंबरच पुसले गेलेत. प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्हाचा नंबर बसलाय, अकरा हजार वेळा. कुणीतरी ही उघडून सेव्ह केलीय. मशीन आधी विचारतं, अक्षरं जातील, चालेल का?

ताई : मी हो म्हटलं.

भाऊ : तू?

ताई : ही एकटी नीट उघडली होती. बाबांनी आईला एक शब्द वापरला होता, पहिल्याच ओळीत. मी तो खोडला.

भाऊ : कुठला शब्द?

ताई : जाऊ दे. बाबांना काय सांगू? झटक्यानंतर वाचा गेली, होय म्हणायला एक बोट उरलंय. ते बोट रोज कॉम्प्युटरकडेच वळतं.

भाऊ : काही सांगू नकोस. मी दमलोय.

ताई : शब्दांमधल्या जागा राहिल्यात का रे?

भाऊ : जागा आहेत, पूर्णविराम आहेत. शब्द किती खुणांचा तेही कळतं. अक्षराची एक, वेलांटीची एक.

ताई : मग त्यांनाच विचारू. मी एकेक अक्षर म्हणते, बोट हललं की थांबायचं.

भाऊ : अकरा हजार वेळा? आणि आधी कबूल करावं लागेल तुला.

ताई : करते. चल.

(बाबांची खोली.)

ताई : बाबा, आईवरची फाइल माझ्या हातून पुसली गेली. तुमचा एक शब्द मला खुपला, तो काढायला गेले आणि सगळंच गेलं. पुन्हा सांगाल? ... हललं ना रे बोट?

भाऊ : हललं. पहिल्या शब्दात दोन खुणा.

ताई : क? ख? ग? ... त? बरं, त. काना? वेलांटी? ... ती. बाबा, 'ती'?

भाऊ : हो म्हणतायत. पुढचा चार खुणांचा. बहुतेक 'होती'.

ताई : थांब. त्याच्या आधी एक शब्द होता. कजाग. लिही.