मोरचुदाचं पाणी

उशिया : निळी आहेत, बाबा. माझी झाडं निळी झालीत.

एलादियो : निळी नाहीत, निळसर आहेत. जरा ऊन पडलं की उतरतं ते.

उशिया : ऊन? गॅलिशियात, सप्टेंबर संपत आल्यावर? आठवडाभर समोरची टेकडी तरी दिसलीय का तुम्हाला धुक्यातून?

एलादियो : म्हणून तर मारलं. असल्या ओल्या हवेत फवारणी चुकली की काय होतं, हे लहानपणापासून बघतेस तू. द्राक्षांना मारत होतो, पंपात थोडं उरलं. टाकून देऊ का?

उशिया : हो. टाकून द्यायचं.

एलादियो : चांगला कालवलेला मोरचूद टाकून द्यायचा. विगो शहरात राहायला गेल्यापासून फारच श्रीमंत झालीस तू.

उशिया : वेलींना मोरचूद, बटाट्यांना मोरचूद, टोमॅटोंना मोरचूद. उद्या पाद्रीबाबांना खोकला झाला तर त्यांच्यावरही पंप धराल.

एलादियो : त्यांना फरक पडला असता.

उशिया : हसू नका. मी इथंच उभी राहून सांगितलं होतं की नाही? तोंडावर सांगितलं होतं, बाबा, भिंतीमागच्या त्या गांजाला हात लावायचा नाही.

एलादियो : हात कुठं लावला? लांबूनच मारलं.

उशिया : काय बोलायचं तुमच्याशी.

एलादियो : अगं, बुरशी दिसली मला. एका झाडाच्या शेंड्याला, करडी. गेल्या वर्षी अशीच सुरुवात झाली होती आणि बघता बघता सगळं सडलं. तूच रडत बसली होतीस पायरीवर.

उशिया : तेवढा शेंडा कापून लांब फेकायचा होता आणि मला फोन करायचा होता. कामावरून परस्पर आले असते मी. यंदा इंडिकाच्या वळणाची जात शोधून आणली, ती कशासाठी? बुटकी राहते, लवकर तयार होते, ऑक्टोबरचा पाऊस बसायच्या आत कापता येते म्हणून. वर प्लॅस्टिक बांधलं. आतून वारा फिरावा म्हणून पानं काढली. वाळवायला मक्याची कोठी झाडून ठेवली. जेमतेम आठवडा उरला होता.

एलादियो : येते लवकर, मान्य. पण कळी बघ तिची. मूठ आवळल्यासारखी. एकदा आत ओल शिरली की बाहेर निघत नाही. असा गच्च घड दिसला की माझा बाप लगेच...

उशिया : आजोबांनी गांजा लावला नव्हता.

एलादियो : लावला असता तर मोरचूद मारला असता.

उशिया : द्राक्षाची गोष्ट वेगळी आहे. पिळतो आपण, आंबवतो, गाळ खाली बसतो. ही कळी आई तेलात घालून झोपेसाठी जिभेखाली घेते. त्यावरचं हे निळं कसं काढायचं? ही काय धुता येते?

एलादियो : येते.

उशिया : येते? कशावरून?

एलादियो : धुतली मी.

उशिया : काय धुतलं?

एलादियो : झाडं. रंग जरा जास्तच दिसायला लागला. म्हटलं, तू ओरडशील. मग नळीनं धुऊन काढली. खालून, वरून, नीट.

उशिया : म्हणजे ओलीनं बुरशी येईल म्हणून मोरचूद मारला. आणि मोरचूद दिसू नये म्हणून धुक्यात उभ्या असलेल्या झाडांना आंघोळ घातली.

एलादियो : तू असं एका दमात सांगितलंस की वाईट वाटतं ऐकायला.

उशिया : कितीही धुवा, आत बसलेलं जात नाही. यातली एकही कळी मी आईला देणार नाही. तेल बाटलीत तळाशी राहिलंय थोडं. गुडघ्याला चोळायचं, याच कळ्या घातलेलं रोझमेरीचं स्पिरिटही संपलं. हिवाळा तोंडावर आलाय. काय करायचं तिनं?

एलादियो : डॉक्टरांच्या गोळ्या आहेत.

उशिया : त्या गोळ्यांनी दिवसभर डुलक्या आणि रात्री टक्क जागी. तुम्हाला माहीत नाही?

एलादियो : मला माहीत नाही? शेजारी कोण झोपतं तिच्या? उठते, स्वयंपाकघरात जाऊन बसते, दिवा लावत नाही. मला जाग येऊ नये म्हणून. मी जागाच असतो. तिथं जाऊन काय बोलावं, ते सुचत नाही मला. मला येतं काय, उशिया? पीक आजारी पडलं की पंप पाठीवर घ्यायचा. दुसरं काही शिकलोच नाही मी. ती बुरशी बघितली आणि भीती वाटली. म्हटलं, गेली हिची झोप.

उशिया : मग मला फोन का नाही केलात?

एलादियो : तू म्हणाली असतीस, मारू नका.

उशिया : बघा. आत्ता कुठं कीव यायला लागली होती तुमची.

एलादियो : बोल, बोल. आज तुझा दिवस आहे.

उशिया : एक मार्ग आहे. पण तुम्ही थयथयाट करणार.

एलादियो : मी कधी केलाय?

उशिया : वसंतात रोपं जास्त झाली होती. दोन मी बाहेर दिली. त्यांनी मक्याच्या मधोमध लावली, वर छप्पर केलं. मघाशी बघून आले. स्वच्छ आहेत. डाग नाही.

एलादियो : कुणाला दिलीस?

उशिया : आमादोरमामांना.

एलादियो : आमादोरला. माझ्या घरची रोपं त्या बांधचोराला. रात्रीतून हद्दीचा दगड सरकवणाऱ्याला.

उशिया : झालं सुरू. केवढी ती पट्टी? गाय आडवी उभी केली तर शेपूट बाहेर राहील. इतक्या वर्षांत ना तुम्ही तिथलं गवत कापलंत, ना त्यांनी. नुसती काट्यांची जाळी माजलीय.

एलादियो : प्रश्न गवताचा नाही. तत्त्वाचा आहे.

उशिया : मग तत्त्व चोळू का आईच्या गुडघ्यांना?

एलादियो : तूच जा आणि आण. तुझीच रोपं ती.

उशिया : मी मागितली. झाडं दाखवली त्यांनी, पण नेऊ दिली नाहीत. तुमचा प्रताप मला तिथंच कळला, घरी यायच्या आधी. भिंतीवरून सगळं बघितलंय त्यांनी. म्हणाले, तुझा बाप गांजाला द्राक्ष समजून फवारत होता. हाक मारून थांबवणार होतो, पण आमचं बोलणं नाही ना.

एलादियो : बघत उभा राहिला?

उशिया : उभे राहिले. तुमच्यासारखेच आहेत ते. दोघांनाही एका दावणीला बांधायला हवं. वर म्हणाले, झाडं तुझ्या आईची, ओब्दुलियाचीच आहेत, लागतील तेव्हा न्या. फक्त मागायला एलादियोनं यावं.

एलादियो : मी जाऊ? त्याच्या दारात?

(ओब्दुलिया काठी टेकत दारातून बाहेर येते. अंगात चर्चला जायचा कोट.)

ओब्दुलिया : चुलीपर्यंत ऐकू येतंय तुमचं. गेली ना झाडं?

उशिया : गेली, आई.

ओब्दुलिया : मला सकाळीच दिसलं खिडकीतून. म्हटलं, हा माणूस द्राक्षं कुठं शोधतोय भिंतीमागं.

एलादियो : मग हाक मारायची होतीस. अख्खा गाव मला नुसता बघत बसतो.

ओब्दुलिया : मी खिडकी उघडेपर्यंत तू पंप रिकामा केला होतास.

एलादियो : मी जातो त्याच्याकडं. तुझ्यासाठी जातो. पण दगडाची माफी मागणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

ओब्दुलिया : दगडाचं कुणी काढलंय?

एलादियो : आणि दारात उभा राहून म्हणू काय?

उशिया : आमादोर म्हणा आधी. बाकीचं त्यांना माहीत आहे.

एलादियो : बरं. टोपी कुठं आहे माझी? आणि तू कोट कशाला चढवलायस? सगळीकडं चिखल आहे, वरचा चढ आहे. गुडघे धरतील, मग बसशील पुन्हा रात्रभर. मी आणतो ना ती झाडं. तू आत बस.

ओब्दुलिया : झाडं तू माग, एलादियो. माझा भाऊ आहे तो. मी नुसती बसणार आहे त्याच्याकडं.