आर. कौशिक यांचे पालक

नाही हो, पालक मी नाही, मी विद्यार्थी आहे – पालक यायचेत अजून. बसा ना, बाक मोठा आहे, सावली आहे, आत ऑफिसात बसलात तर एसीचं वारं थेट टाळूवर येतं. मराठी कानावर आलं म्हणून हाक मारली, तुम्ही लेकीला म्हणत होतात ना, ‘ऊर्मी, उन्हात उभी राहू नकोस’ – म्हटलं, आपलं माणूस. नागपूर का? बँकेत? म्हणजे बदली, आणि सामान सोडायच्या आधीच मुलीची अॅडमिशन – वडिलांची इथे बदली झाली तेव्हा आमचंही असंच झालं होतं. तिला राहू दे तिकडे, कानात तिची गाणी आहेत, आपण बोलू. काय म्हणालात, वय? साठी झाली की, उगाच का रेल्वेनं घरी पाठवलं. पण विद्यार्थ्याला इथे वय कुणी विचारत नाही, दाढी विचारतात. रोज गेटवर गालाकडे निरखून बघतात, जरा खुंट दिसला की परत. मला एकदा पाठवलंय परत, खोटं कशाला सांगू.

कॉलेज चांगलं आहे का? अहो, चांगलं म्हणजे – मी निवडलंय. इथेच पेरांबूरला, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात, आस्थापना विभागात आयुष्य गेलं माझं, मला फसवणं सोपं नाही. लोक काय करतात, चकचकीत माहितीपत्रक बघतात, त्यात एक मुलगी सूक्ष्मदर्शकातून बघताना हसत असते – सूक्ष्मदर्शकातून बघताना कोण हसतं? मी ते बघितलंच नाही. मी आधी संडास बघितले. मग गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण उचललं. मग कँटीनला बसून रस्सम प्यालो, अड्यारच्या एका मोठ्या कॉलेजात त्या रस्समला मिरीच नव्हती, तिथून उठलो तो उठलोच. एकीकडे तर तास चालू असताना वर्गात मागे जाऊन बसलो, झोप लागते का ते बघायला. लागली. ते कॉलेज बाद. इथे नाही लागली, पंखा फार आवाज करतो. म्हणून हे. आणि कॉलेजची बस थेट आमच्या घराजवळच्या कोपऱ्यावर येते, मुलाला आणखी काय हवं? मुलाला काय हवं ते – तसं विचारलं होतं मी त्याला, जेवताना. म्हटलं, कौशिक, मेकॅनिकल, हेच कॉलेज, ठरलं ना? तो म्हणाला, बाबा, भात वाढा. आता ह्याला हो नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

तर हा कौशिक, आमचा मुलगा, एक सेमिस्टर आला नीट. मग एक दिवस बस इथे आली आणि तो आला नाही. मध्येच उतरला हमरस्त्यावर, आणि गेला इरुंगाट्टुकोट्टैला – तिकडे सगळे मोटारींचे सुटे भाग करायचे कारखाने आहेत – ब्रेकचं काहीतरी बनवतात तिथे चिकटला मशीनवर. चार पोरांत खोली करून राहतो. आईशी रोज बोलतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो, आणि काम काही निघत नाही. आता तुम्ही बँकेतले, तुमच्याकडे कसं असतं माहीत नाही, पण आमच्या रेल्वेत खुर्ची रिकामी दिसली की वरून कुणीतरी तपासणीला येतो आणि ती जागाच रद्द करून जातो. गेली म्हणजे गेली, मग पंचवीस अर्ज करा. म्हणून माणूस रजेवर गेला की त्याच्या खुर्चीत दुसऱ्याला बसवायचंच, काम येवो न येवो – हंगामी चार्ज म्हणतात त्याला. आता एवढी हुडकून काढलेली जागा, ती काय मी रिकामी ठेवू? दुसऱ्या दिवशी त्याची बॅग घेतली, बसचा पास होताच, चढलो. विद्युलता, म्हणजे आमची मंडळी, तिनं काही विचारलं नाही, डबा हातात दिला. मी दिवसभर घरात नसेन एवढंच तिला कळलं असावं, चेहरा उजळला होता तिचा.

हरकत? घेतली ना, घेतली. इथले मेकॅनिकलचे विभागप्रमुख तुकोजीराव, ते तंजावरकडचे मराठी. त्यांचं मराठी आपल्याहून जुनं, त्यात तमिळ हेल, मला निम्मं कळतं, पण माणूस समंजस. म्हणाले, असं कसं चालेल, तुम्ही कोण. म्हटलं, साहेब, मूळ माणूस येईपर्यंत हंगामी आहे. तर म्हणाले, आमचे पूर्वजही ह्या मुलखात थोड्या दिवसांसाठीच आले होते. झालं, बसलो. शिवाय इथे आडनावाची भानगड नाही, बापाच्या नावाचं अक्षर पुढे आणि मग मुलाचं नाव – हजेरीत आर. कौशिक. त्यातला आर म्हणजे रविकांत, म्हणजे मी. हजेरीपुरता अर्धा तर मी हक्कानं आहे. बाकीच्या अर्ध्याचं कुणी मनावर घेतलं नाही, उलट मास्तर खूश, पहिल्या बाकावर एक माणूस जागा असतो म्हणून.

आणि एकदा बसलो म्हटल्यावर कसर नाही ठेवायची, हे लिहून ठेवा – ऊर्मीलाही सांगा. मी लायब्ररीचं कार्ड काढलं, कोलम स्पर्धेत रांगोळी घातली, बक्षीस आलं. रोबोटिक्स क्लबात आहे, तिथे मी चहा करत नाही हो, सोल्डरिंग करतो. थर्मोडायनॅमिक्स सुटलंय मला. सुटलंय म्हणजे काय सांगू – सकाळी कॉफी गार होताना बघतो ना, तर आता कळतं ती का होते, आणि इतकं बरं वाटतं की पुन्हा गरम करावीशीच वाटत नाही. पोरं अंकल म्हणतात, परीक्षेआधी भोवती बसतात. असं कुणी कधी – जाऊ दे.

तर पालक कशाला बोलावलेत, हे राहिलंच. त्या पलीकडच्या जिन्यात पकडलं मला, एका मुलीशी बोलताना. हसताय? इथे कडक आहे, मुलगा-मुलगी बोलायचं नाही, जिनेसुद्धा वेगळे. जयंती म्हणून माझ्या वर्गातली, तिची आई गुडघ्याला कसलंसं तेल लावते, ते विद्युलतेसाठी विचारत होतो. पण नियम म्हणजे नियम. तुकोजीराव म्हणाले, पालकांना घेऊन या, तोवर वर्गात पाऊल टाकायचं नाही. मी म्हटलं, पालक मीच. तर म्हणाले, तुम्ही विद्यार्थी म्हणून बसलात ना, मग दोन्ही कसे व्हाल? बिनतोड. रेल्वेतही एका माणसाला दोन सह्या करता येत नाहीत. म्हणजे आज पालक आले नाहीत तर उद्यापासून मी घरी. आमच्या बाल्कनीत. समोर दुसरी बाल्कनी.

विद्युलतेला? अहो, तिला कसं सांगणार, मुलीशी बोलताना पकडलं म्हणून! माझे वडील कधीच गेले, ड्यूटीवर असतानाच वारले, मी शाळा संपवून नुकता घरी बसलो होतो, त्यांच्याच खुर्चीत नेऊन बसवलं मला रेल्वेनं. मग उरलं कोण? सांगा ना. दोन दिवस फोन हातात घेऊन बसलो होतो. शेवटी लावला. मागे मशीनचा आवाज, म्हटलं, कौशिक, तुला कॉलेजात यायला लागेल. लगेच पुढे म्हटलं, शिकायला नाही रे, माझा पालक म्हणून. सगळं सांगितलं, जिना, तेल, सगळं. वाटलं ओरडेल, हसेल, फोन ठेवेल. भीती वाटत होती हो, स्वतःच्या पोराची. आणि तो काय म्हणाला? ‘बाबा, तुम्हाला तिथे आवडतं का?’

एवढंच. बस की, शिक की, इथेच जा की तिथेच जा, असलं काही नाही – आवडतं का. मला हे – कारखान्यात बसवलं तेव्हा नाही, कधीच कुणी – आणि मी तरी त्याला – म्हणजे मी विचारलंच होतं की, सांगितलं ना तुम्हाला मघाशी, भात वाढताना. तो हो म्हणाला नव्हता, पण – नाही, नव्हताच म्हणाला. फोनवर त्याच्या कानावर नुसतं माझं रडणं गेलं असेल. मग म्हणाला, बरं, येतो.

येईल का? बस तर मघाशीच आली. सुट्टी नसेल मिळाली त्याला, किंवा आईनं – अहो, तो बघा. तो नव्हे, त्याच्या मागचा, निळ्या शर्टातला, कंपनीचा आहे तो शर्ट. केवढा दिसतोय. इकडेच बघतोय. माझा शर्ट खोचलेला आहे ना मागून, बघा बरं. तुम्ही उठा आता, निघा – नाही, मी उभाच राहतो, पालकांसमोर बसतात का. तुम्ही उठा, त्याला बसू द्या, रात्रपाळी करून आलाय तो.