काळ्या कागदातली बुरशी

वसमतच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी एक आजी आणि तिची नात परभणीच्या गाडीची वाट पाहत होत्या. नातीच्या मांडीवर काचेच्या बशांचा उघडा खोका होता.

"आजी, बशांवरचा काळा कागद काहून काढला?"

"कागद उचकून पाहिला तं आतमधी बुरशी दिसली, शीतल. म्हणून उन्हात ठेवल्या. पापडाला लागली तर आपण उन्हात न्हाई टाकत?"

"अगं, बुरशीच वाढवून राहिले होते मी! हळदीच्या मातीतली. कॉलेजचा प्रयोग आहे."

"एवढं शिकायला धाडलं, अन् पोरगी बुरशी पाळून राहिली!"

"कडक उन्हानं तिचा डीएनए तुटतो. मंद उजेडात मात्र दुरुस्तीची जनुकं जागी होतात, अन् ती सोताला सांधून घेते."

"मग आता मेली का?"

"सर तपासतील. मेली तर माझं वर्ष गेलं."

"म्हणून तर संगं येऊन राहिले. तुझ्या सरला सांगते, पोरीचा कसूर न्हाई, म्हातारीलाच अक्कल न्हाई."

"तेवढं तुला पाहूनच कळंल त्याईला."

"लई शानी झाली! आण खोका इकडं, तुझ्यावर ऊन येऊन राहिलं."

"खोक्यावर पदर काहून टाकते? पार अंधार नको करू."

"लुगडं इतकं विरलंय बाई, लागंल तेवढा उजेड जाईल आतमधी."