फोनच्या कपाळाचं कुंकू

समता कॉलनीतल्या दवाखान्यात नंबरची वाट पाहत होतो. बाजूच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. वयस्कर बाईंच्या मांडीवर नवा कोरा फोन होता.

"गोदूकाकू, एक विचारू का? काका गेले तवापासून तुमचं कपाळ कोरंच पाहिलं. अन् आज हे कुंकू?"

"या फोनचं काम आहे ते, शर्मिष्ठा."

"फोनचं?"

"परागनं पुण्याहून पाठवला ना. महिनाभर व्हिडिओ कॉल लावून राहिली मी, अन् तो म्हणे, आई, आवाज येते, पण तू दिसतच नाही. सगळं लालच लाल."

"काहून?"

"पराग म्हणे, तुह्याच्यानं होत नाही, जुनाच वापर. अशी कशी हार मानीन मी? काल कॉल चालू असतानीच माह्या ध्यानात आलं. नवी वस्तू म्हणून रोज पूजेत फोनच्या कपाळाले कुंकू लावत होती मी. वर, मधोमध."

"अगं बाई! कॅमेऱ्यावरच?"

"हव! बोटानं पुसलं, तर तिकडं नात नाचाले लागली. हिंदीच बोलते पोट्टी. आजी दिख गई, आजी दिख गई! परागचं तोंड पाहाले पाहिजे होतं तू."

"जिंकलात काकू!"

"थांब. मंग पोट्टी म्हणे, आजी, फोन को लगाती हो, खुद को क्यों नहीं? म्हटलं, तुहे आजोबा नाहीत ना आता. तर म्हणे, फोन के आजोबा हैं क्या?"

"अगं माय! मंग?"

"मंग काय! बोटाले कुंकू होतंच. लावून टाकलं."